कपाटवाल्याचा खड्डा

राग हा कपाटवाल्याचा जन्माचा धंदा; कपाटं तो पोटासाठी करायचा. कारखान्यात त्याला 'फ्यूज' म्हणत, कारण तो कधी उडेल याचा नेम नसे. गल्लीत मात्र तो कपाटवालाच होता. निम्म्या गल्लीच्या घरांत त्याच्या हातची लोखंडी कपाटं उभी होती, आणि त्यांची दारं अशी घट्ट बसत की मिटल्यावर फटीतून साधा कागद सरकू नये. "माझ्या कपाटात मुंगी शिरली तर मिशी उतरवीन," असं तो छातीवर हात मारून सांगे. ती काही बढाई नव्हती. त्याचा रागही कधी खोटा नसे.

त्याचा राग लोक सोसत, कारण कामात तो चोख होता. बायको सोसे, कारण तिला ऐकू न आल्यासारखं करता येत असे. आणि त्याची थोरली बहीण, अक्का, ती तर त्याच्या रागाला भीकच घालत नाही, असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. आई लहानपणीच गेली. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, अभ्यासाला बसवून कानफटीत दिली ती अक्कानं. आता तिचं कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं, ती काठी टेकत चालायची आणि त्याच्याकडेच राहायची. तिच्यासाठी तो जीव टाकायचा, पण बोलायचा असा की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारीनं याचं काहीतरी चोरलंय.

लढाई सुरू होऊन बरेच महिने झाले होते. ती कुणाची आणि कशासाठी, हे सांगणारे पुष्कळ होते. त्यातलं कुणी त्या गल्लीत राहत नव्हतं. गल्लीत यायची ती विमानं आणि त्यांच्या आधी वाजणारा भोंगा. भोंगा झाला की शाळेच्या तळघरात जायचं, असं गाडी फिरवून सांगितलं होतं. एका दुपारी भोंगा झाला तेव्हा हे तिघं निघाले. बायकोनं एका बाजूनं अक्काला धरलं, यानं दुसऱ्या बाजूनं. धावणारे लोक त्यांना धक्के मारत पुढे गेले. शाळेपाशी पोचले तर फाटकाला साखळी.

"जागा नाही," रखवालदार आतून म्हणाला.

कपाटवाल्यानं गजांतून पाहिलं. तळघराच्या पायऱ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. "जागा नाही? मग त्या पायऱ्यांवर काय तुझा बाप बसलाय?"

"वरून सांगितलंय."

"वरून बॉम्ब पडतायत रे! वरून कोण सांगतंय तुला?"

त्यानं फाटक गदगदा हलवलं, शिव्या घातल्या, शेवटी हातही जोडले. रखवालदारानं पाठ फिरवली. तिघं कुंपणाच्या कडेच्या गटारात आडवे झाले. स्फोट झाले ते स्टेशनाकडे, गोदामांच्या बाजूला. यांना काही लागलं नाही. पण अक्का उठून बसली तेव्हा तिच्या तोंडात चिखल होता आणि ती बोटानं तो काढत होती. एवढ्यात कर्णा लावलेली गाडी आली: "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. निवाऱ्यांची पुरेशी सोय करण्यात आली आहे." त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं गटारातला दगड उचलून गाडीवर भिरकावला. तो लागला नाही, याचंही त्याला दुःख झालं.

"आता मेलो तरी कुणाच्या दारात उभा राहणार नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं परसात कुदळ मारली.

परस केवढं, तर दोन दोऱ्या कपडे वाळतील एवढं, आणि कोपऱ्यात एक लिंबाचं झाड. "मी कपडे कुठे वाळत घालू?" बायकोनं विचारलं. "माझ्या डोक्यावर," तो म्हणाला. ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथं दिवसभर माणसं यापेक्षा वाईट बोलत. तिनं दोरी सोडली आणि गुंडाळून ठेवली.

जमीन मात्र कुणाचं ऐकून घेत नाही. पहिला धडा तिनंच दिला. उपसलेली माती त्यानं घाईघाईत खड्ड्याच्या काठावरच रचली, आणि एका संध्याकाळी त्या ढिगाच्या वजनानं काठासकट सगळी खाली आली. आठवड्याची मेहनत मातीत, अगदी अक्षरशः. तो नुकताच वर येऊन पाणी पीत होता म्हणून वाचला. भिंतीपलीकडून शेजारचे काका बघत होते. काका पाणीखात्यात होते, घरोघर मीटर वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्त झाल्यापासून वाचायला काही उरलं नसल्यानं ते शेजाऱ्यांना वाचत.

"माती लांब टाकायची असते," काका म्हणाले.

"उंटावरून शेळ्या हाकू नका. या खाली, घ्या फावडं."

"आणि त्या बाजूला खणू नका. तिकडून नळाची पाइप गेलीय."

"तुम्ही मीटर वाचलेत, जमीन नाही!"

तिसऱ्याच दिवशी कुदळ पाइपवर बसली. गल्लीला दोन दिवस पाणी नव्हतं आणि खड्ड्यात मात्र कमरेइतकं होतं. काका काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत, याचाच त्याला जास्त राग आला.

पाणी उपसून झाल्यावर त्यानं आपल्या हुकमी कामाला हात घातला. मालकानं कारखान्यातले डागी पत्रे नेऊ दिले होते. त्यानं ठरवलं की खड्ड्यात एक भलंमोठं लोखंडी कपाटच उतरवायचं, आडवं, आत तीन माणसं बसतील असं. पत्रे ठोकून सरळ करायचे, वाकवायचे, वेल्डिंग मारायचं, पुन्हा ठोकायचं. कामावर जायच्या आधी ठोकाठोक, कामावरून आल्यावर ठोकाठोक, सुटीच्या दिवशी तर सूर्य मावळेपर्यंत. वर छप्पर घालून माती टाकली तर पत्रा मधोमध पोट सुटल्यासारखा खाली आला. कपाटाच्या डोक्यावर लोक फार तर जुन्या बॅगा ठेवतात. मातीचं वजन कपाटवाल्याला कुठून ठाऊक असणार? सगळी माती काढून खालून लोखंडी अँगलचे टेकू द्यावे लागले. म्हणजे आणखी ठोकाठोक.

हवेचं काय, हे बायकोनं विचारलं. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "माझ्या चुलीला धुराडं नव्हतं तेव्हा मी काय भोगलं ते मला माहीत," ती म्हणाली, आणि तिची कटकट थांबावी म्हणून त्यानं कोपऱ्यातून एक पाइप वर काढली, लिंबाच्या झाडामागे. हा उपकार त्यानं अगदी तोंड वाकडं करून केला.

त्याच सुमारास काकांचं आणि त्याचं वाजलं. काकांना डोकेदुखी होती आणि भोंग्यामुळे रात्रीची झोप उडालेली, त्यामुळे ते दुपारी पडत. एका सुटीच्या दुपारी ते भिंतीपाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तासभर तरी थांबता का? डोकं फुटायला आलंय."

त्या सकाळीच एक वेल्डिंग सुटलं होतं, बोट भाजलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "पुन्हा माझ्या ठोकण्याबद्दल एक शब्द काढलात तर जीभ हासडून हातात देईन!" तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला. "तुमचं मरण चुकवायला खणत नाहीय मी! आवाज होतो तर खिडकी लावून घ्या, कानात बोळे घाला, नाहीतर मरा!"

काका म्हातारे होते. त्यांचा चेहरा लाल झाला. ते आत गेले आणि त्यांची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

"जाऊन माफी माग," अक्का ओसरीवरून म्हणाली.

"मागतो की! पायही धरतो!"

"आणि भोंगा झाला की त्यांना दोघांना बोलव खाली. काकूंना धाप लागते, त्या शाळेपर्यंत जात नाहीत."

"या खड्ड्यात बाहेरचं एक माणूस उतरणार नाही. मी केलंय, माझ्या माणसांसाठी केलंय."

"मग त्या रखवालदाराला शिव्या कशाला घातल्यास?" अक्कानं विचारलं.

त्यानं हातोडा उचलला आणि पत्र्यावर घातला.

दार त्यानं सगळ्यात शेवटी केलं आणि जीव ओतून केलं. जाड पत्रा, तीन बिजागऱ्या, कडेनं रबराची पट्टी, आणि आपोआप बसणारा खटका. दार लोटलं की खट् करून लागायचं. हँडल फिरवलं की लोण्यातून सुरी निघावी तसं उघडायचं. त्यानं ते पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं, बायकोला दाखवलं, अक्काला दाखवलं. खाली नेऊन बाक दाखवला, बॅटरीचा दिवा दाखवला. तेवढा वेळ दार सताड उघडं होतं, कारण बायको म्हणाली, "लावू नका हं, माझा जीव गुदमरतो."

खटका उघडायचं हँडल बाहेरच्या बाजूला होतं. आतून दार म्हणजे गुळगुळीत पत्रा. वीस वर्षं त्यानं कपाटं केली होती आणि कपाटाला आतून हँडल कोण लावतं? शर्ट आणि चादरी काही आतून दार उघडत नाहीत. तो आयुष्यभर दाराच्या एकाच बाजूला उभा राहिला होता. ही चूक गवंड्यानं केली नसती, सुतारानं केली नसती, कुठल्याही अडाण्यानं केली नसती. त्यासाठी चांगला कपाटवालाच लागतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भोंगा झाला. तो कारखान्यात होता, बायको हॉस्पिटलात. कारखान्यातले सगळे प्रेसच्या अवजड यंत्रांखाली शिरले. भिंती हादरल्या, छपरावरची धूळ पडली, आणि विमानं गेली. इतके दिवस भोंगा झाला की त्याचं सगळं लक्ष घराकडे लागायचं, तिथं अक्का एकटी आहे म्हणून. त्या दिवशी लागलं नाही. "आमची अक्का खाली बसली असेल मजेत," तो सोबत्यांना म्हणाला. "मुंगी शिरणार नाही असं केलंय." मग त्यानं डबा खाल्ला, डब्यातली भाजी चांगली झालीय असं म्हणाला, जे त्यानं कधी म्हटलं नव्हतं. दिवसभर तो कुणावर ओरडला नाही. कारखान्यातल्यांना वाटलं, याला ताप तर नाही ना आला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पुढचं दार उघडं होतं. ओट्यावर भाजी अर्धी चिरलेली, वाळून गेलेली. अक्का नव्हती. तिची काठी नव्हती. तो परसात गेला आणि पायऱ्यांवरून खाली पाहिलं. दार लागलेलं होतं. आतून काहीही आवाज येत नव्हता. त्या क्षणी, हँडलवर हात टाकताना, त्याला सगळं कळलं.

अक्का बाकावर नव्हती. ती कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, तोंड पाइपच्या भोकाखाली धरून. दिवा विझला होता. काठी मधोमध चिरफाळली होती, आणि हाताच्या मुठींची सालं निघून रक्त सुकलं होतं. तिचे कपडे ओले झाले होते. जिनं याला लहानपणी स्वच्छ केलं, कपडे बदलले, तिला त्यानं अशा अवस्थेत पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हात दे," तो म्हणाला.

तिनं दिला नाही. ती गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत पायऱ्या चढली, आणि तो मागून दोन्ही हात पसरून नुसता चालत राहिला.

बायको आली, तिनं अक्काला आत नेऊन गरम पाण्यानं पुसलं. तो भिंतीवरून उडी मारून काकांच्या दारात गेला. त्याला कुणीतरी हवं होतं. कुणाचा तरी गळा हवा होता.

"घरात होतात ना दिवसभर? ऐकू आलं नाही?"

"आलं," काका म्हणाले.

"काय आलं?"

"ठोकल्याचा आवाज. भोंग्यानंतर सुरू झाला, बराच वेळ चालला. मला वाटलं, भोंग्यामुळे कारखाना बंद ठेवला असेल, तुम्हीच ठोकताय. मी खिडकी लावून घेतली. तुम्ही सांगितलं होतं तशी. काय झालं? काय झालं हो?"

त्याचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. काकांना सगळं कळल्यावर ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. रखवालदारावर ओरडता येत होतं, कर्ण्याच्या गाडीवर ओरडता येत होतं, विमानांवर, सरकारवर, पाइपवर, मातीवर ओरडता येत होतं. हा राग मात्र जिथून निघाला तिथंच परत येत होता. माणसाला स्वतःची जीभ हासडता येत नाही, एवढंच काय ते कळलं.

घरी येऊन त्यानं घण उचलला आणि त्या दारावर घातला. एक, दोन, तीन. बायको धावत आली. "थांबवा! आवाजानं ती थरथर कापतेय आत!"

म्हणजे तेही गेलं. परसात हातोडा वाजवायची सोय उरली नाही. त्यानं बिजागऱ्यांचे स्क्रू हातानं काढले, दार हातगाडीवर टाकलं आणि कारखान्यात नेलं. तिथं त्यानं दाराला आतून हँडल बसवलं, बाहेरूनही ठेवलं, आपोआप लागणारा खटका काढून साधी कडी घातली. दार आतल्या बाजूला उघडेल असं केलं, वरून ढिगारा पडला तरी अडू नये म्हणून. हे सगळं त्याला आधीही येत होतं. फक्त आत बसणाऱ्या माणसाचा विचार करायचा होता, आणि तेवढाच केला नव्हता.

दार परत बसवल्यावर तो अक्कापुढे उभा राहिला. ती त्याच्याशी बोलत नव्हती. बायकोशी बोले, काकू आल्या की त्यांच्याशी बोले. "चल, बघ," तो म्हणाला. "आतून उघडतं आता. चूक झाली म्हणतोय ना मी! किती वेळा म्हणू?"

"माफी मागतोयस की वसुली करतोयस?" अक्का म्हणाली. एवढंच.

तो काकांकडेही गेला. "भोंगा झाला की खाली यायचं दोघांनी," तो धमकी दिल्यासारखा म्हणाला, आणि पाठ फिरवून आला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला म्हणे. ते बघायला तो थांबला नव्हता.

त्यानंतरचा भोंगा सुटीच्या दिवशी सकाळी झाला. काका काकूंना हाताला धरून पुढच्या दारानं परसात आले, बायकोनं त्यांना पायऱ्यांवरून खाली नेलं. अक्का ओसरीवरच्या खाटेवर मटार सोलत बसली होती. ती उठली नाही.

"अक्का, ऊठ."

"तू जा."

"ऊठ म्हणतो ना! तुझ्यासाठी केलंय ते सगळं! कोणासाठी खपलो मी? हाताची सालटी निघाली माझ्या, गल्लीशी वैर घेतलं, आणि तू इथं मटार सोलतेस? मरायचंय का तुला?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! तुला कधी भीती वाटलीय माझ्या ओरडण्याची?"

अक्कानं हातातली शेंग परातीत ठेवली. "त्या दिवशी मी काठीनं ठोकत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा मधेच दिवा दारावर धरला. रंग उडाला होता. पत्र्याला पोचे आले होते. नवंकोरं दार. मला वाटलं, आता हा येईल आणि किती ओरडेल. मग मी ठोकायचं थांबवलं."

विमानांचा आवाज लांबून यायला लागला होता.

"थांबवलंस?"

"दुपारपासून गप्प बसले. तू येशील तेव्हा निदान आणखी पोचे नकोत म्हणून." तिनं दुसरी शेंग घेतली. "मला आत नाही जायचं. दाराचं काही नाही. दार चांगलं आहे आता."

परसातून काकांचा आवाज आला. "कपाटवाले! दार लावू का?"

त्यानं ओरडून सांगायला तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की अक्काचे खांदे वर गेले, मान आत गेली. फटका बसायच्या आधी माणूस आवळून घेतो तशी. हे ती कधीपासून करत असेल? त्याला आठवेना, कारण ओरडताना त्यानं कधी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. तो परसाच्या दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "लावा."

"काय? लावू का?" काकांनी पुन्हा विचारलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मग विमानं डोक्यावर येत असताना तो अख्खं परस ओलांडून खड्ड्यापर्यंत गेला, पायऱ्यांवर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "लावा. कडी नीट बसली का बघा." बायकोनं आतून विचारलं, "आणि तुम्ही?" त्यानं नकारार्थी मान हलवली. दार लागलं, आतून कडी बसली. तो परत आला आणि अक्काच्या खाटेला टेकून जमिनीवर बसला, दात-ओठ खात, एक अक्षर न बोलता.